घरची फिकट बिअर पुन्हा पुन्हा तुरट होतेय? पाण्याची अल्कलिनिटी मोजा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच की दुसरा ते लगेच कळेल. पेल एल, बिटर, गोल्डन एल, पिल्सनर असं काहीही फिकट रंगाचं बनवलं की पहिला घोट बरा लागतो. गिळल्यावर मात्र जिभेच्या कडा आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर किंवा पातेल्यात तासभर राहिलेला चहा प्यायल्यावर होतात तशा. बाटली उघडताना हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास छान येतो, पण तोंडात तो बोथट होतो. रंगही ठरवल्यापेक्षा एक छटा गडद येतो. आणि त्याच भांड्यात, त्याच यीस्टवर केलेली स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मात्र दर वेळी फक्कड जमते. तुमच्याकडे असंच होत असेल तर दोष बहुधा पाण्याच्या अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्ल खाऊन टाकणाऱ्या बायकार्बोनेटचा आहे. पुढचं सगळं वाचा.

मी लंडनच्या नैऋत्येला राहते आणि सहा वर्षांपासून घरी बिअर बनवते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, फक्त विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे लिहिलंय ते जिथे कायद्याने चालतं तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

या दुखण्यात पहिली गफलत चव ओळखण्यात होते. इथले लोक कडू आणि तुरट दोन्हीला पुष्कळदा एकाच शब्दात गुंडाळतात. आपल्याकडे हे दोन स्वतंत्र रस आहेत, त्याचा उपयोग करून घ्या. कारलं कडू, सुपारी तुरट. कडवटपणा हॉप्स कमी केले की कमी होतो. तुरटपणा म्हणजे तोंड कोरडं पडणं, गाल आतून आवळणं. हॉप्स निम्मे केले तरी तो जागचा हलत नाही. मी पहिल्या दोन वर्षांत हॉप्स कमी केले, उकळण्याचा वेळ कमी केला, यीस्ट तीन वेळा बदललं. तुरटपणा तसाच राहिला आणि बिअर वर मिळमिळीत झाली.

मग कुठेतरी वाचलं की बिटरला जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) लागतं. बर्टन-ऑन-ट्रेंटचं पाणी जमिनीखालच्या जिप्सममधून झिरपून येतं आणि तिथल्या फिकट एलची ख्याती त्या पाण्यावर उभी राहिली, हे खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मोठमोठ्या ब्रुअरींनी तिथे जाऊन कारखाने काढले ते त्यासाठीच. मीही ३० लिटर पाण्यात १० ग्रॅम जिप्सम घातलं. बिअर आणखी रखरखीत झाली. पुढच्या वेळी १५ ग्रॅम घातलं, तर खडू चघळल्यासारखी चव आली.

गाठ सुटली ती मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीमुळे. तिला मी माझीच कृती दिली होती, मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि हॉप्सही एकाच दुकानातून एकत्र मागवले होते. ती पहिल्यांदाच बिअर बनवत होती, आणि तिची बिअर स्वच्छ, हलकी, हॉप्स खुललेली. मी फोनवर भांडी, तापमान, वेळा सगळं विचारत होते. शेवटी तीच म्हणाली, "ताई, अगं माझ्या किटलीत कधी पांढरा थर धरत नाही. तुझ्या किटलीला तर दर महिन्याला व्हिनेगर लागतं!" मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून येतं आणि फार मऊ आहे. लंडनचं पाणी खडूच्या खडकाशी सलगी करून येतं. मी मुंबईत वाढले. तानसा-वैतरणाच्या पावसाळी पाण्यावर वाढलेल्या माणसाला किटलीतला थर हा प्रकारच ठाऊक नसतो, त्यामुळे इतकी वर्षं तो डोळ्यांसमोर असून मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

"क्षार" हा एकच शब्द घात करतो

आपण पाण्यात विरघळलेल्या सगळ्यालाच क्षार म्हणतो. किटलीत क्षार, तोटीवर क्षार, बोअरच्या पाण्यात क्षार. बिअरसाठी मात्र त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याच लागतात, कारण मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या मॉल्टमध्ये, त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

एक म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पाण्याचा जडपणा. भरडलेला मॉल्ट गरम पाण्यात कालवला की कॅल्शियम मॉल्टमधल्या फॉस्फेटला धरून तळाशी बसतं आणि त्या देवघेवीत आम्ल मोकळं होतं. म्हणजे कॅल्शियममुळे मॅशचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली येतो. दुसरी गोष्ट बायकार्बोनेट, म्हणजेच अल्कलिनिटी. ढोकळ्याच्या पिठात इनो घातल्यावर आंबटपणाला भेटून जो फसफसतो तोच हा पदार्थ. तो आम्ल खाऊन टाकतो आणि पीएच वर ढकलतो, आणि पीएच चढला की मॉल्टच्या टरफलांतून तुरटपणा सुटतो. जड पाणी वाईट नाही. बर्टनचं पाणी लंडनपेक्षा कितीतरी जड आहे. लंडनच्या पाण्याची अडचण ही की त्यात बायकार्बोनेट कॅल्शियमला पुरून उरतं.

इथे आपल्या स्वयंपाकघरातला एक धडा उलटा लागू होतो. माझं आजोळ लातूरकडचं. तिथे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे, कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट बांधून ठेवतं म्हणून, आणि आजी चिमूटभर सोडा टाकायची. डाळीला तो इलाज बरोबर आहे. फिकट मॅशमध्ये सोडा टाकणं म्हणजे मूळ रोगच वाढवणं. डाळीला सोडा, मॉल्टला आम्ल.

आता स्टाउट का जमते तेही उघड होतं. काळपट भाजलेला मॉल्ट स्वतःच आम्लधर्मी असतो, तो जादा बायकार्बोनेट परस्पर संपवतो. लंडनची काळपट पोर्टर, डब्लिनची स्टाउट आणि १८४२ साली अत्यंत मऊ पाण्यात जन्मलेली प्लझेनची पिल्सनर, तिन्ही आपापल्या पाण्याला जमेल तशाच घडल्या.

हिशेब असा. पाणीपुरवठ्याच्या अहवालात अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे तीन आकडे शोधा. पुष्कळ अहवालांत नुसता जडपणा दिलेला असतो, अल्कलिनिटी मागून घ्यावी लागते. ती बायकार्बोनेट म्हणून दिली असेल तर ०.८२ ने गुणा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत येईल. मग अल्कलिनिटीतून कॅल्शियम भागिले १.४ आणि मॅग्नेशियम भागिले १.७ वजा करा. उरेल ती शेष अल्कलिनिटी. ही कल्पना पाउल कोल्बाख या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडली आणि आजही ती पुरते. माझं पाणी: अल्कलिनिटी २५०, कॅल्शियम ११०, मॅग्नेशियम ५ (सगळे आकडे पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम). वजाबाकी ७९ आणि ३ ची. उरले १६८. फिकट बिअरला हा आकडा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली हवा.

आता माझ्या जिप्समचं गणित पाहा. एका लिटरला १ ग्रॅम जिप्सम घातलं तर २३३ पीपीएम कॅल्शियम आणि ५५८ पीपीएम सल्फेट वाढतं. ३० लिटरला १० ग्रॅम म्हणजे कॅल्शियम ७८ ने वाढलं आणि शेष अल्कलिनिटी जेमतेम ५५ ने उतरली. १६८ चे ११३ झाले. पीएच चढाच राहिला आणि वर १८६ पीपीएम सल्फेट आलं, जे हॉप्सचा कोरडेपणा ठळक करतं. तुरट बिअरवर कोरडेपणा चढवत होते मी. पाण्याच्या क्षारांबद्दल जे जे वाचाल त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइडची चर्चा सर्वांत जास्त असते. ते पुढचं काम आहे. अल्कलिनिटी जागेवर आल्याशिवाय त्या डब्यांना हात लावू नका.

पूर्ण बॅच वाया न घालवता खात्री करा

दोन थर्मास घ्या. प्रत्येकात १०० ग्रॅम भरडलेला फिकट मॉल्ट. एकात नळाचं ३०० मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात दुकानातलं कमी बायकार्बोनेटचं बाटलीबंद पाणी, आकडा लेबलवर असतो. पाणी साधारण ७२ अंशांवर ओता, म्हणजे मिसळल्यावर ६६ च्या आसपास येईल. पंधरा मिनिटांनी दोन्हीतलं चमचा-चमचा वाटीत काढून २० ते २५ अंशांपर्यंत गार करा आणि पीएच बघा. हवा तो पल्ला ५.२ ते ५.६. माझ्या नळाच्या पाण्याचा आला ५.९, बाटलीच्या पाण्याचा ५.६. मग दोन्ही गाळून चाखले. फरक सांगायला मीटरची गरजच नव्हती: बाटलीच्या पाण्याचं नुसतं गोड, नळाच्या पाण्याचं गोड आणि मागून सालीसारखं तुरट.

तयार बिअरवरही एक पडताळा आहे. तुरट बिअरच्या दोन ग्लासांपैकी एकात लॅक्टिक आम्लाचा एक थेंब टाकून ढवळा. बिअर एकदम उजळल्यासारखी, हॉप्स मोकळे झाल्यासारखी लागली, तर पीएच वरच राहिला होता हे नक्की. तयार बिअरचा पीएच ४.१ ते ४.५ असायला हवा.

मीटर वापरणार असाल तर दर वेळी ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवून घ्या आणि त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, शुद्ध पाण्यात ठेवलं की ते मरतं. गरम मॅशमध्ये बुडवू नका. पीएच ही मोजपट्टीच मुळी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी तयार केली, म्हणजे बिअरच्याच घरची. नळाच्या पाण्याचा पीएच मोजण्यात मात्र वेळ घालवू नका. ७.५ चं पाणी मऊही असू शकतं आणि बायकार्बोनेटने गच्चही.

उपाय

ब्रिटनमध्ये सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बिअरच्या दुकानात मिळणारं सीआरएस, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं सौम्य केलेलं मिश्रण. काही दुकानांत तेच एएमएस नावाने मिळतं. लिटरला १ मिलिलिटर घातलं तर अल्कलिनिटी सुमारे १८३ ने उतरते. मला २५० वरून ३० वर यायचं होतं, म्हणजे २२० कमी करायचे: लिटरला १.२ मिलिलिटर, ३० लिटरला ३६. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही. ढवळल्यावर दोन-तीन मिनिटांत भांड्याच्या आतल्या भिंतीवर बारीक बुडबुडे मोहरीसारखे चिकटलेले दिसतात आणि पळी फिरवली की सुटून वर येतात. तेच तुमचं बायकार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड होऊन चाललेलं. अर्धा तास उघडं ठेवा, मधूनमधून ढवळा.

या आम्लांबरोबर लिटरमागे साधारण १०६ मिलिग्रॅम सल्फेट आणि ७८ मिलिग्रॅम क्लोराइड पाण्यात येतं, ते हिशेबात धरा. माझ्या पाण्यात ही भर पडून सल्फेट १५५ च्या आणि क्लोराइड ११५ च्या घरात जातं. बिटरसाठी यावर ६ ग्रॅम जिप्सम पुरतं. मऊ, फळासारख्या चवीची, गढूळसर दिसणारी पेल एल करायची असेल तर जिप्समऐवजी ६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. जिप्सम गरम पाण्यात नीट विरघळत नाही, ते गार पाण्यात किंवा थेट भरडलेल्या मॉल्टमध्ये मिसळा. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. डब्यात गोळा झाला असेल तर वजन फसवं असतं, नवीन आणा.

घरात लॅक्टिक आम्ल असेल तर पुष्कळ जण तेच वापरतात. पाणी थोडंच अल्कलाइन असेल तर उत्तम. पण माझ्यासारख्या पाण्याला ३० लिटरमागे ८० टक्क्यांचं साडेबारा मिलिलिटर लागेल आणि लॅक्टेट ४०० पीपीएमच्या जवळ जाईल, तिथे जिभेला ताकाची झाक कळू लागते. हलक्या पिल्सनरमध्ये ती लपत नाही.

पूर्वीचा उपाय उकळण्याचा. पंधरा-वीस मिनिटं उकळून गार होऊ द्या, तळाशी पांढरा गाळ बसेल, वरची निवळ हलक्या हाताने काढून घ्या. अल्कलिनिटी ८० पर्यंत सहज येते. मात्र कॅल्शियमही त्याच गाळात जातं: अल्कलिनिटी १७० ने उतरली तर कॅल्शियम ६८ ने. ते भरून काढावं लागतं. हे मी एकदा केलं. चालतं, पण ३० लिटर पाणी दोनदा उकळण्यात संध्याकाळ आणि वीज दोन्ही जाते.

पिल्सनरसारख्या लागरसाठी मी आरओचं पाणी वापरते. इथे ते माशांच्या दुकानात, मत्स्यालयवाल्यांसाठी मिळतं. पाचातले चार भाग आरओ, एक भाग नळाचं. अल्कलिनिटी ५० आणि कॅल्शियम २२ उरतं, त्यात ३० लिटरमागे ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालून कॅल्शियम ५० च्या जवळ नेते, आणि राहिलेला पीएच थोड्या लॅक्टिक आम्लाने उतरवते. कॅल्शियम ५० च्या बरंच खाली राहिलं तर यीस्ट नीट खाली बसत नाही आणि बिअर गढूळ राहते. नुसतं आरओ वापरून "बिअर निवळत नाही" म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: घरातल्या सॉफ्टनरचं पाणी बिअरला वापरू नका. मीठ घालावं लागतं तो सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो आणि बायकार्बोनेटला हातही लावत नाही. किटली स्वच्छ राहते, आणि आपल्या हिशेबात शेष अल्कलिनिटी १६८ वरून थेट २५० होते.

धुण्याचं पाणी

मॅशचं पाणी सुधारून सोडून देणारे इथे अडकतात. मीही चार बॅचा अडकले होते. मॉल्टवरून गरम पाणी ओतून राहिलेली साखर धुवून काढतो, ते स्पार्जचं पाणीही सुधारलेलंच हवं. सुरुवातीला मॉल्टमधलं द्रव्य पीएच सांभाळून धरतं, पण शेवटी शेवटी ते धुपून जातं आणि उरतं ते पाणी आणि टरफलं. पाणी अल्कलाइन असेल तर पीएच ६ कडे चढतो आणि टरफलांतलं टॅनिन सुटतं. तुरटपणाचा मोठा वाटा इथला. म्हणून सगळं ३० लिटर पाणी एकाच भांड्यात एकदम सुधारून घ्या. स्पार्जचं पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नका आणि उतरणारा वॉर्ट, म्हणजे मॉल्टचा गोड रस, १.०१० घनतेच्या खाली गेला की थांबा. चोथ्यात थोडी साखर राहिली तर राहू दे.

सुधारलेलं पुन्हा बिघडलं तर

सात बॅचा सुरेख झाल्या आणि आठवी, फेब्रुवारीतली, परत तीच बोथट. आम्ल तेवढंच, वजनं तीच, मॉल्टची गोणीही तीच. मीटरवर शंका घेतली, नवीन द्रावणं आणली. चूक वार्षिक अहवालात होती, म्हणजे मी त्याला प्रमाण मानण्यात होती. तो वर्षाची सरासरी सांगतो. आमच्या भागात नदीचं आणि भूजलाचं पाणी कधी कमी कधी जास्त मिसळतं आणि अल्कलिनिटी त्याप्रमाणे हलते.

यावर मत्स्यालयाची, अल्कलिनिटी मोजणारी केएच किट घ्या, थोडक्या पैशांत वर्षभर पुरते. परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी, पहिल्या थेंबाला निळं होतं, मग एकेक थेंब टाकत हलवायचं. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका थेंबासरशी नळी लख्ख पिवळी होते. थेंब मोजा आणि १७.९ ने गुणा. चौदा थेंब म्हणजे २५०. त्या फेब्रुवारीत सतरा थेंब लागले, म्हणजे ३०४. माझ्या ठरलेल्या ३६ मिलिलिटरनंतरही ८४ उरत होते. उलटही होतं: अकरा थेंबांच्या दिवशी तेवढंच आम्ल घातलंत तर अल्कलिनिटी शून्याच्या खाली जाईल आणि बिअर पातळ, आंबूस लागेल. म्हणून बिअरच्या दिवशी सकाळी पहिलं काम थेंब मोजण्याचं. जास्त बारकाई हवी तर १० मिलिलिटर पाणी घ्या आणि थेंब निम्मे धरा.

बिअरला जखमेवरच्या औषधासारखा, चिकटपट्टीसारखा वास येत असेल तर तो क्लोरीनचा मामला, अल्कलिनिटीशी त्याचा संबंध नाही. अर्धी कॅम्पडेन (क्लोरीन मारणारी सल्फाइटची) गोळी चुरून सगळ्या पाण्यात ढवळली की काम झालं. मी ती न चुकता घालते.

गेल्या शनिवारची बिटर: पंधरा थेंब, अल्कलिनिटी २६९, सीआरएस ३९ मिलिलिटर, अर्धी गोळी, ६ ग्रॅम जिप्सम. पंधराव्या मिनिटाला मॅशचा पीएच ५.४२, स्पार्जच्या शेवटी ५.६. सध्या जिन्याखाली फसफसतेय.